आणीबाणीच्या पेटीतील पेन ड्राइव्ह

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहावे ते लसीकरणावर, स्तनपानावर किंवा फार तर मुलांच्या मोबाइलवेडावर, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आजवर मीही तसेच लिहीत आलो. यंदा मात्र विषय बदलून संगणकाच्या एका दुखण्याविषयी, किंबहुना त्या दुखण्यावर आपण जपून ठेवलेले औषध ऐनवेळी लागू का पडत नाही, याविषयी लिहावयाचे ठरविले आहे. त्याला कारण एक स्वानुभव आहे. तो सुखद नाही. परंतु ज्या व्यवसायबंधूंच्या व भगिनींच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या जातात, त्यांना तो ऐकून एखादा रविवार सत्कारणी लावावासा वाटला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

तीन दिवसांची कहाणी

जुलै २०२२ मधील एक सोमवार. आदल्या रात्री इंदुरात धुवाधार पाऊस झाला होता आणि वीज अनेकदा गेली-आली होती. सकाळी दवाखान्यात पाऊल ठेवताच स्वागतकक्षातील ताई म्हणाल्या, "सर, संगणक चालू होतोय, पण विंडोज येतच नाही. दुरुस्ती चालू आहे असं दाखवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो." त्या संगणकात अकरा वर्षांच्या नोंदी होत्या : हजारो मुलांची वजने, उंच्या, लसींच्या तारखा, आकडीच्या औषधांच्या मात्रा आणि औषधांची वावडी.

खरे सांगावयाचे तर मी त्या क्षणी घाबरलो नाही. माझ्याकडे बाहेरून जोडावयाची एक हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर नऊ दिवसांपूर्वीच्या शनिवारी घेतलेली संपूर्ण संगणकाची प्रत होती. शिवाय टेबलाच्या खणात, लाल दोरा बांधलेला, 'संकटकाळासाठी' अशी चिठ्ठी डकविलेला एक पेन ड्राइव्ह होता. संगणक स्वतःच्या बळावर उठू शकला नाही, तर या पेन ड्राइव्हच्या आधाराने त्याला उठवावयाचे आणि ती प्रत पुन्हा आत भरावयाची, एवढे मला ठाऊक होते. पेन ड्राइव्ह मी २०१६ साली तयार केला होता. संगणक मात्र २०२१ साली बदलला होता. या दोन सालांमधील अंतर माझ्या लक्षात आले नव्हते.

पेन ड्राइव्ह लावला. संगणकाने त्याची दखलही घेतली नाही.

सायंकाळी एका स्नेह्यांचे अभियांत्रिकी शिकणारे चिरंजीव मदतीस आले. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर नवा पेन ड्राइव्ह तयार केला. या वेळी संगणक उठला. पण पडद्यावरील यादीत बाहेरची डिस्क दिसे, पेन ड्राइव्ह दिसे, संगणकाच्या पोटातील डिस्क मात्र दिसेना. बोलावलेल्या दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी "डिस्क गेली, नवी टाकावी लागेल" असे निदान करून टाकले व मी जवळजवळ होकार दिलाच होता. चिरंजीवांनी थांबविले. दुसऱ्या रात्री त्यांनी एक छोटासा ड्रायव्हर शोधून पेन ड्राइव्हवर चढविला आणि 'गेलेली' डिस्क पडद्यावर सुखरूप अवतरली. आम्ही आनंदलो, तोच लक्षात आले की तिला कुलूप आहे आणि ते उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती किल्ली ज्या खात्यात साठविलेली होती, ते खाते संगणक बसवून देणाऱ्या दुकानातील कर्मचाऱ्याने स्वतःच्या ई-मेलवर उघडलेले होते आणि तो कर्मचारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

किल्ली मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नऊ दिवसांपूर्वीची प्रत आत भरली, संगणक उठला, आणि मधल्या दिवसांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

या तीन दिवसांतील एक प्रसंग मी विसरू शकत नाही. मंगळवारी एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. कान दुखत होता. "कुठल्या औषधाचं वावडं आहे का?" असे मी विचारले, आजी म्हणाल्या, "मला तरी माहीत नाही, डॉक्टरसाहेब." मी अमॉक्सिसिलिन लिहून दिले. चिठ्ठी खिडकीशी पोहोचली तेव्हा ताई उठून आत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, हा तोच ना, ज्याचे मागे ओठ सुजले होते?" तो तोच होता. दोन वर्षांपूर्वी याच औषधाने त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या व ओठ सुजले होते. संगणकात त्याच्या नावापुढे ती नोंद तांबड्या अक्षरांत होती. पण संगणक बंद होता. ताईंची स्मरणशक्ती हाच त्या दिवशी माझ्या दवाखान्यातील एकमेव चालू स्थितीतील बॅकअप होता.

नंतर शांतपणे विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. निरुपयोगी पेन ड्राइव्ह, न दिसणारी डिस्क आणि हरवलेली किल्ली, या तिन्ही अडथळ्यांपैकी एकही त्या सोमवारी निर्माण झाला नव्हता. नवा संगणक आला त्या दिवसापासून ते तेथे होते. एखाद्या निवांत रविवारी पेन ड्राइव्ह लावून पाहिला असता, तर तिन्ही सापडले असते. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे मला माहीत होते. मी विहीर आधीच खणली होती. फक्त तिला पाणी आहे की नाही, हे पाहिले नव्हते.

रेस्क्यू मीडिया म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबल्यावर प्रथम जागे होते ते त्याच्या मुख्य फळ्यावर कोरलेले एक लहानसे आज्ञापत्र. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. गेल्या सुमारे बारा-पंधरा वर्षांतील संगणकांत त्याची जागा यूईएफआय या नव्या व्यवस्थेने घेतली आहे. ही व्यवस्था स्मृती, कळफलक व डिस्क यांची हजेरी घेते आणि मग डिस्कवर विंडोजला उठविणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे बूट लोडर, कोठे आहे ते शोधून त्याच्या हाती सूत्रे देते. ही साखळी कोठेही तुटली की विंडोज उठत नाही. नोंदी आत शाबूत असतात, पण दार उघडणारे कोणी नसते.

रेस्क्यू मीडिया म्हणजे ज्याच्यात स्वतःचा बूट लोडर आणि स्वतःची छोटेखानी कार्यप्रणाली आहे असा पेन ड्राइव्ह. विंडोजसाठी ही छोटी प्रणाली बहुधा विंडोज पीई असते, काही साधनांत ती लिनक्सची असते. आजारी डिस्कला झोपलेलीच ठेवून संगणक या पेन ड्राइव्हवरून चालू होतो आणि मग आपण बाहेरच्या डिस्कवरील प्रत आत भरू शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा श्वास बाहेरून चालू ठेवावा, तसे हे आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नुसत्या फायलींची नक्कल आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायलींच्या नकलेने नोंदी वाचतात; पण विंडोज, दवाखान्याचा कार्यक्रम, छपाईयंत्राची जोडणी हे सारे पुन्हा बसवावे लागते. संपूर्ण प्रतिमेने संगणक जसाच्या तसा परत मिळतो. मात्र ती आत भरावयास रेस्क्यू मीडिया चालू लागावाच लागतो. म्हणून प्रतिमा घेणाऱ्याने पेन ड्राइव्हकडे दुर्लक्ष करणे म्हणजे सलाइनच्या बाटल्या भरून ठेवून सुया न ठेवण्यासारखे होय.

लक्षणांवरून निदान

आता ऐनवेळी पेन ड्राइव्ह चालत नाही तेव्हा काय करावे, हे आपल्याच पद्धतीने, म्हणजे लक्षणांवरून कारणाकडे जात पाहू. त्याआधी आपल्या शास्त्रातील पहिला नियम येथेही लागू आहे : अपाय करू नका. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर ती वारंवार चालू करून पाहू नये आणि दुरुस्तीचे कोणतेही कार्यक्रम तिच्यावर चालवू नयेत. आतील नोंदींची दुसरी प्रत हाती नसेल, तर 'फॉरमॅट करू' या सूचनेस कदापि संमती देऊ नये.

पहिले लक्षण : संगणकाला पेन ड्राइव्ह दिसतच नाही. सर्वात साधे कारण आधी पाहावे. संगणक चालू होताना पेन ड्राइव्हवरून उठण्याची यादी मागविण्याची कळ दर उत्पादकागणिक निराळी असते. डेल व लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ १२ असते; एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ ९; आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. ती विंडोजचे चिन्ह दिसण्यापूर्वी दाबावी लागते. विंडोज १० व ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असल्याने बंद केलेला संगणक पूर्णपणे बंद झालेला नसतो व कळ दाबण्याची संधी निसटते. विंडोज उठत असेल तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे, मग येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय मिळतो. त्यानंतर पेन ड्राइव्ह मध्यस्थ हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या खाचेत लावावा व खाच बदलून पाहावी. विंडोज ७ च्या काळातील पेन ड्राइव्हला निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचांची ओळख नसे. तो कदाचित काळ्या खाचेत चालेल.

इतके करूनही दखल घेतली जात नसेल, तर कारण बहुधा पिढीचे असते. माझा पेन ड्राइव्ह बायोसच्या पद्धतीने बनविलेला होता आणि नवा संगणक केवळ यूईएफआय जाणत होता. यूईएफआयला फॅट ३२ या मांडणीतील पेन ड्राइव्ह हमखास वाचता येतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट मांडणीतील वाचता येईलच असे नाही. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि तो फॅट ३२ मध्ये मांडावा. त्याहून मोठा घेण्यात लाभ नाही. संपूर्ण डिस्कची प्रतिमा त्याच्यावर ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी असू शकत नाही.

दुसरे लक्षण : पेन ड्राइव्ह दिसतो, पण सुरक्षेचे कारण दाखवून नाकारला जातो. हे 'सिक्युअर बूट'चे काम आहे. ही व्यवस्था बूट लोडरवरील डिजिटल सही तपासते व अनोळखी सहीला आत घेत नाही. तिच्यामागे कारण आहे. २०२३ साली 'ब्लॅक लोटस' नावाचा, जुन्या पण अधिकृत सहीच्या बूट लोडरच्या आडून आत शिरणारा घातक कार्यक्रम उघडकीस आला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने जुने बूट लोडर टप्प्याटप्प्याने बाद ठरविण्याची व्यवस्था आणली. ज्या संगणकावर ती लागू झाली, तेथे पूर्वी बनविलेला पेन ड्राइव्ह चालणार नाही. म्हणजे काल चाललेला पेन ड्राइव्ह आज नाकारला जाऊ शकतो, तोही त्याच्यात काही बिघाड नसताना. उपाय एकच : अद्ययावत साधनाने तो पुन्हा बनवावा. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करण्याचा मार्गही आहे. पण तसे केल्यास डिस्कचे कुलूप आपली किल्ली मागते. म्हणून किल्ली हातात असल्याखेरीज त्या मार्गाला जाऊ नये.

तिसरे लक्षण : सुरुवात होते, पण अर्ध्यावर थांबते किंवा पडदा काळा राहतो. येथे प्रथम पेन ड्राइव्हचाच संशय घ्यावा. स्वस्त पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे खणात पडून राहिले की त्यांतील मजकूर क्षीण होऊ शकतो. तोच कार्यक्रम दुसऱ्या, चांगल्या पेन ड्राइव्हवर उतरवून पाहावा. तरीही थांबत असेल, तर विंडोज पीईऐवजी लिनक्सवर आधारलेले साधन वापरून पाहावे. कारण दोहोंचे ड्रायव्हर भिन्न असतात.

चौथे लक्षण : संगणक उठतो, पण आतील डिस्क दिसत नाही. हे सर्वात फसवे लक्षण आहे, कारण चांगल्या डिस्कला येथेच मृत घोषित केले जाते. २०२० नंतरच्या अनेक इंटेल संगणकांत डिस्क ही व्हीएमडी नावाच्या एका पडद्याआड ठेवलेली असते. त्याआधीच्या काहींत रेड किंवा आरएसटी या पद्धतीने. विंडोजपाशी त्या पडद्याचा ड्रायव्हर असतो, पेन ड्राइव्हवरील छोट्या प्रणालीपाशी तो असेलच असे नाही. डिस्क आहे, नोंदी आहेत, फक्त दृष्टी नाही. संगणक उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा साठवण-ड्रायव्हर उतरवून घ्यावा, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि साधनातील 'लोड ड्रायव्हर' या पर्यायाने चढवावा. मुख्य फळ्यावरील मांडणीत डिस्कची पद्धतच बदलून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास सावध राहावे. त्यामुळे डिस्क दिसू लागते, पण मूळ विंडोज उठेनासे होऊ शकते. यावरचा खरा प्रतिबंध असा की पेन ड्राइव्ह ज्या संगणकासाठी आहे त्याच संगणकावर बनवावा. बहुतेक साधने त्या वेळी तेथील ड्रायव्हर आपसूक उचलतात. आमच्या चिरंजीवांनी तो स्वतःच्या लॅपटॉपवर बनविला होता; त्यांचा नाइलाज होता, कारण माझा संगणक तोवर आडवा झालेला होता.

पाचवे लक्षण : डिस्क दिसते, पण कुलूपबंद आहे. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एनक्रिप्शन' ही सोय आता अनेक संगणकांत मालकाच्या नकळत चालू असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रथम प्रवेश केला की ती कार्यान्वित होते व ४८ अंकी किल्ली त्या खात्यात साठविली जाते. रुग्णांच्या नोंदी चोरीस जाऊ नयेत म्हणून हे कुलूप इष्टच आहे. पण किल्ली नसेल तर ते चोराला आणि मालकाला सारखेच लेखते. संपूर्ण प्रतिमा हाती असेल तर किल्लीविनाही ती डिस्कवर भरता येते, मात्र डिस्कवरील आधीचे सर्व पुसले जाते. माझे मधले दिवस गेले ते याच ठिकाणी. म्हणून आजच आपल्या संगणकाचे मायक्रोसॉफ्ट खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि किल्ली कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवावी. ती त्याच संगणकात ठेवणाऱ्यांविषयी अधिक काय लिहावे!

सहावे लक्षण : सर्व दिसते, पण ठेवलेली प्रत सापडत नाही किंवा उघडत नाही. छोट्या प्रणालीत डिस्कची अक्षरे बदलतात. नेहमीची 'सी' येथे 'डी' किंवा 'ई' होऊ शकते. म्हणून डिस्क अक्षरावरून ओळखू नये, तर आकारावरून व आपण दिलेल्या नावावरून ओळखावी. प्रत भरताना लक्ष्य म्हणून चुकून बाहेरचीच डिस्क निवडली, तर प्रत आणि मूळ दोन्ही जातात. ही चूक घाईत होते, म्हणून ते बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीस मोठ्याने वाचून दाखवावे. रक्ताच्या पिशवीवरील गट आपण दोघे मिळून तपासतो, तसे. प्रत घरातील अन्य संगणकावर जाळ्यातून साठविली असेल, तर वाय-फायवर विसंबू नये, तार जोडावी. विंडोज पीईमध्ये वाय-फाय सहसा नसते. आणि प्रतीला संकेतशब्द लावला असेल, तर तोही कागदावर हवा.

सातवे लक्षण : प्रत भरली, तरी संगणक उठत नाही. बहुधा केवळ 'सी' विभागाचीच प्रत घेतलेली असते आणि बूट लोडर ज्या लहानशा विभागात राहतो तो वगळलेला असतो. प्रत घेताना 'संपूर्ण डिस्क' हाच पर्याय निवडावा. तसेच यूईएफआय पद्धतीने बसविलेला संगणक पुन्हा उभा करताना पेन ड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच उठविला पाहिजे. यादीत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावे दिसल्यास यूईएफआय असे लिहिलेले निवडावे. बहुतेक साधनांत बूट दुरुस्तीचा स्वतंत्र पर्याय असतो. तो वापरल्यावर काम भागते.

थोरांघरचे प्रसंग

आपण सामान्य माणसे म्हणून असे घडते, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. १९९८ साली पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे बहुतांश काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले गेले आणि राखून ठेवलेला बॅकअप नीट नसल्याचे त्यानंतर आढळले. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या व घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एका तान्ह्या बाळाने चित्रपट वाचविला, हे बालरोगतज्ज्ञाने अभिमानाने सांगावे असे उदाहरण आहे. पण यंत्रणा म्हणून ते भूषणावह नव्हे.

दुसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक उठेनासे झाले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे दिली गेली. दोष एका लहानशा फाइलचा होता व ती काढून टाकली की संगणक उठत असे. परंतु ती काढण्यासाठी बहुसंख्य ठिकाणी एकेका संगणकापाशी माणसाने जावे लागले. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेन ड्राइव्ह बनविण्याचे साधन तातडीने उपलब्ध केले. ज्या संस्थांपाशी बिटलॉकरच्या किल्ल्या हाताशी होत्या त्या लवकर सावरल्या. ज्यांच्या किल्ल्या त्याच बंद पडलेल्या संगणकांत होत्या, त्यांची अवस्था माझ्या दवाखान्यासारखीच झाली.

रुग्णालयांना तर आणखी एक भय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले. खंडणीखोर कार्यक्रम संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील प्रतही कुलूपबंद करतो. म्हणून प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आपल्यालाही पुरेसा आहे. आपणांवर तर कायद्याचीही जबाबदारी आहे : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपावयाच्या असतात आणि मागणी आल्यास ७२ तासांच्या आत द्यावयाच्या असतात. 'संगणक बंद पडला' हे उत्तर तेथे चालण्यासारखे नाही.

रंगीत तालीम

एम. वाय. रुग्णालयात मी निवासी डॉक्टर असताना वॉर्डातील वरिष्ठ सिस्टर रोज सकाळी आणीबाणीचा ट्रे उघडीत, लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागतो का ते पाहात, सक्शन चालवून बघत आणि मग वहीत सही करीत. आम्हां तरुणांना तो कर्मकांडाचा भाग वाटे. एके रात्री निळ्या पडलेल्या अर्भकाच्या घशाशी लॅरिंगोस्कोप नेला आणि त्याचा दिवा पहिल्याच क्षणी लागला, तेव्हा त्या सहीचा अर्थ कळला. तो दिवा रात्री लागला, कारण सकाळी कोणीतरी तो लावून पाहिला होता.

पेन ड्राइव्हचेही तसेच आहे. मी आता दर सहा महिन्यांनी, तसेच नवा संगणक किंवा विंडोजची मोठी नवी आवृत्ती आली की लगेच, एका रविवारी अर्धा तास पुढील तपासणी करतो. पेन ड्राइव्ह त्याच संगणकावर नव्याने बनवितो. त्यावरून संगणक प्रत्यक्ष उठवितो. आतील डिस्क आणि बाहेरची डिस्क दोन्ही दिसतात का, ते पाहतो. कागदावरील किल्लीने कुलूप उघडते का, ते पाहतो. बाहेरच्या डिस्कवरील ताजी प्रत उघडून तिच्यातील एक फाइल वाचून बघतो आणि साधनातील 'व्हेरिफाय' हा पर्याय चालवितो. शेवटचे बटण मात्र दाबत नाही. तालीम तेथेच संपते. मग वहीत तारीख घालून सही करतो. एका जाड पाकिटात पेन ड्राइव्ह, छापलेली किल्ली, साठवण-ड्रायव्हर उतरविलेला दुसरा पेन ड्राइव्ह आणि आपल्या संगणकावर कोणती कळ दाबावी हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद ठेवला आहे. त्या पाकिटाची एक जोडी घरी आहे. प्रतही आता दर शनिवारी नव्हे, रोज रात्री घेतली जाते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक दवाखान्यांतील संगणक बदलले गेले आहेत. ज्यांनी संगणक बदलला त्यांनी खणातील जुना पेन ड्राइव्ह आज रात्रीच लावून पाहावा. २०२१ साली मी जेथे उभा होतो, तेथेच ते उभे आहेत.

जाता जाता एक समाधानाची गोष्ट सांगतो. हरवलेल्या दिवसांतील मुलांच्या घरी ताईंनी एकेक करून दूरध्वनी केला. बहुतेक आयांनी लसीकरणाचे कार्ड जपून ठेवले होते; घडी घातलेले, कडा फाटलेले, क्वचित हळदीचे डाग पडलेले. कार्डांची छायाचित्रे येत गेली आणि लसींच्या तारखा व वजने पुष्कळशी परत मिळाली. माझ्या लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हला जे जमले नाही, ते त्या कार्डांना जमले. कारण सोपे आहे : प्रत्येक भेटीत ती कार्डे उघडली जात होती, वाचली जात होती. तेव्हापासून औषधाचे वावडे आढळले की ते मी संगणकात तर नोंदवितोच, शिवाय त्या मुलाच्या कार्डावर लाल शाईने स्वतःच्या हाताने लिहितो. त्या पाच वर्षांच्या मुलाच्या कार्डापासून मी ही सुरुवात केली. आजींनी ते माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मलाही वाचता येईल."